फेसापुरती जागा

काचेची कुठलीही वस्तू हातात आली की तायडे मॅडम आधी तिला नखाने टिचकी मारायच्या आणि कान जवळ न्यायच्या. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, पहिल्याच प्रॅक्टिकलला, मी दोन्ही हातांनी फ्लास्क घट्ट धरून उभी होते. इतकी पातळ काच मी त्याआधी कधी हातात घेतली नव्हती. मॅडमनी तो माझ्याकडून घेतला, टिचकी मारली, ऐकलं आणि बाजूला ठेवून दिला.

"हा गेला. याले तडा हाय."

"मॅडम, दिसत तर नाही," मी म्हणाले.

"दिसल तवा तो आचेवर फुटून जाईल. कोनत्या गावची वं तू?"

मी गाव सांगितलं. दर्यापूर तालुका म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मंग तुही माय बजारातून माठ घेते, तं डोयानं घेते का कानानं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. अमरावतीला कॉलेजात जायचं म्हणजे घरची बोली एस.टी. स्टँडवरच सोडून यायची असते, असा माझा समज होता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाबा दर्यापूर–अमरावती रस्त्यावर सवाऱ्यांची जीप चालवायचे, आई मजुरीला जायची. आणि इथे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुख, डॉक्टरेट मिळवलेल्या बाई, माझ्या आईसारख्या बोलत होत्या.

त्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या की शुद्ध मराठी आणि इंग्रजी बोलायच्या. प्रयोगशाळेत शिरल्या की वऱ्हाडी. एकदा बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही मुलांशी असं बोलता?" मॅडम म्हणाल्या, "असं म्हणजे कसं, सर? त्याईले समजते असं." परीक्षकांनी चहाचा कप उचलला आणि विषय संपला.

मॅडमचं गाव आमच्याच भागातलं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. जमीन काळी, पण मिठाने आखडलेली. त्यांच्या आईच्या वावरात हरभरा व्हायचा. एका हिवाळ्यात त्यांनी तिथली हरभऱ्याची झाडं मुळासकट उपटून आणली आणि मुळांवरच्या गाठींमधून एक जिवाणू वेगळा केला. हे जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. बाजारात मिळणारे जिवाणू खाऱ्या मातीत मान टाकतात. हा टाकत नव्हता. मॅडमनी त्याला कागदोपत्री काहीतरी क्रमांक दिला होता, पण तोंडी त्या त्याला 'खारी' म्हणायच्या. "खारीले पाह्यलं काय आज?" असं विचारायच्या, जशी घरातली म्हैस.

एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्याकडेच पीएच.डी.ला लागले आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवूही लागले. खारीचं काम आता आम्हा दोघींचं होतं. फ्लास्कमध्ये ती छान वाढायची. कुंड्यांतल्या हरभऱ्यावर उत्तम चालायची. पण फ्लास्कमध्ये होऊन होऊन किती होणार? मॅडमची एक इच्छा होती: एका गावाच्या हरभऱ्याला पुरेल एवढी खारी एका वेळी वाढवायची आणि पेरणीच्या आधी गावात नेऊन द्यायची. स्वतःच्या गावात. त्यासाठी बायोरिअ‍ॅक्टर हवा होता. म्हणजे असं भांडं, ज्यात जिवाणूंना हवा, उष्णता, ढवळणं, सगळं मोजूनमापून देता येतं.

अनुदानाचा अर्ज मंजूर झाला, त्याच उन्हाळ्यात मॅडमची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं.

आमच्या पट्ट्यात हे दुखणं नवं नाही. मी रडत रडत खाऱ्या पाण्याला शिव्या दिल्या, तेव्हा मॅडमनी मलाच थांबवलं. "पान्यानं झालं असं म्हनू नोको. मले पुरावा दाखव. मले रक्तदाब बी होता, मी गोया बी टाळल्या." त्यांनी लग्न केलं नव्हतं. अकोल्याला धाकटे भाऊ मधुकरभाऊ यांच्या घरी त्या राहायच्या आणि तिथूनच रोज अमरावतीला यायच्या. भावाचं मूत्रपिंड जुळलं नाही. मग अकोल्याच्या एका दवाखान्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं.

कॉलेजातलं येणं कमी झालं, पण भांडं निवडायचं काम त्यांनी सोडलं नाही. मंगळवारी मला तास नसत. मी अकोल्याला जायचे आणि त्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून वेगवेगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून दाखवायचे. त्यांच्या एका हातात सुया असायच्या, त्यामुळे दुसऱ्या हातानेच त्या बोलायच्या.

"ढवळनी कशी हाय?"

"दोन चाकं, मॅडम, सपाट पात्यांची."

"बरोबर. जिवाणूले मार चालते, बुरशीले चालत नाई. आन भांड्याच्या भिंतीले आतून पट्ट्या?"

"या कंपनीच्या नाहीत."

"मंग नोको. नुसतं गोल गोल फिरवून हवा आत जाते काय? काठाले धडकलं पाह्यजे. भांड्याचा तळ?"

"घुमटासारखा."

"हां. कोपऱ्यात साचून राह्यलं तं सडते."

एक दिवस त्या बराच वेळ डायलिसिसच्या मशीनकडे पाहत राहिल्या. रक्ताची नळी एका फिरत्या पंपाच्या चाकावरून जात होती. चाक नळीला दाबत दाबत रक्त पुढे ढकलत होतं. "शीतल, पाह्य," त्या म्हणाल्या, "पंप रक्ताले शिवतच नाई. नुसता नयीले चिमटे काढते. आपल्या रिअ‍ॅक्टरले असेच पंप घ्यायचे." मग त्यांनी बोट थोडं वर केलं. नळीमध्ये एक छोटी काचेसारखी कुपी होती. अर्धीअधिक रक्ताने भरलेली, वर रिकामी. "आन तिथं वर जागा सोडली, पाह्यलं? हवेचा बुडबुडा आला तं तिथंच थांबते. म्हनून मी तुमाले सांगत राह्यतो, भांडं गच्च भरू नये. फेसापुरती जागा ठेवा लागते. जे जिवंत हाय ते फुगते."

हे वाक्य आम्ही विद्यार्थ्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. फ्लास्क गळ्यापर्यंत भरणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे. त्या दिवशी मात्र मला त्या कुपीकडे बघवेना. मी माहितीपत्रक तोंडासमोर धरलं.

"वाच ना वं," मॅडम म्हणाल्या. "काहून थांबली?"

पुण्याच्या एका कंपनीच्या माणसाशी त्या पलंगावरूनच फोनवर बोलल्या. तो सांगत होता की भांडं थंड ठेवायला वेगळं यंत्र लागत नाही, नळाचं पाणी पुरतं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "आपण मे महिन्यात अमरावतीला आला आहात का?" तो नाही म्हणाला. "मग एकदा या. आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली हात धरा. त्या पाण्यात आम्ही चहा टाकतो." शेजारच्या पलंगावरच्या आजीसुद्धा हसल्या. पाणी थंड करणारं यंत्र त्या माणसाने लगेच यादीत घातलं.

खरी अडचण पुढे होती. कॉलेजच्या खरेदी समितीला स्टीलचं, आणि मोठं, भांडं घ्यायचं होतं. भौतिकशास्त्राचे देशमुख सर समितीत होते. सज्जन माणूस, मॅडमचे जुने सहकारी. त्यांचं म्हणणं असं की एकदाच घ्यायचं तर मजबूत घ्यावं, काच मुलांच्या हातून फुटणार. पुढच्या मंगळवारी मी गेले, तर त्यांच्या उशाशी पुठ्ठ्याची दोन भांडी उभी होती. साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, चिकटवून, त्यांनी ती रिअ‍ॅक्टरच्या हुबेहूब मापाने घरी बनवली होती. एक समितीला हवं होतं त्या मोठ्या आकाराचं, एक स्वतः निवडलेलं. झाकणात विणकामाच्या सुया खोचल्या होत्या, त्या मोजणाऱ्या कांड्या. वाफ बाहेर जायच्या उंच नळीच्या जागी बॉलपेन होतं. लहान भांड्यावर निळ्या स्केचपेनाने एक आडवी रेघ होती. इथपर्यंत भरायचं. वर मोकळं.

"सगळेजण किती लिटर ते पाह्यतेत," त्या म्हणाल्या. "आपल्या ऑटोक्लेव्हमधी मावल का, ते कोनी पाह्यत नाई."

ऑटोक्लेव्ह म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला मोठा, उभा प्रेशर कुकर. काचेचं भांडं त्यात ठेवून निर्जंतुक करावं लागतं. स्टीलच्या भांड्याला जागच्या जागी वाफ द्यावी लागते, आणि तेवढी वाफ देणारा बॉयलर आमच्याकडे नव्हता.

बैठकीला मॅडम स्वतः आल्या. मी दोन्ही पुठ्ठ्याची भांडी घेऊन मागे उभी होते. देशमुख सरांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"मॅडम, काच फुटली तर काय करायचं?"

"फुटली तर दिसेल तरी, सर. स्टीलच्या आत काय सडून राह्यलं ते कोनाले दिसते? माह्या पोरीईनं नुसते आकडे कायले पाहायचे? रंग बदलताना पाह्यला पाह्यजे, फेस चढताना पाह्यला पाह्यजे."

मग त्यांनी सगळ्या समितीला उठवून ऑटोक्लेव्हपाशी नेलं. मोठं भांडं देशमुख सरांच्या हातात दिलं. "काचेचं मोठं घ्यावं वाटत असल, तं तुमीच झाकण लावा." सरांनी ते आत उतरवलं, झाकण दाबलं. विणकामाच्या सुया वाकल्या, बॉलपेन तिरपं झालं, झाकण काही बसेना. मग लहान भांडं. झाकण अलगद बसलं आणि आत थोडी जागा उरली. देशमुख सर हसले. "घ्या, मॅडम, काचेचंच घ्या. वाद घालायला तुम्ही पुठ्ठा पण सोडला नाही!"

सह्या झाल्या. आम्ही जिना उतरू लागलो आणि मॅडम मधल्याच पायरीवर बसल्या. त्यांच्या चपलेचा पट्टा पूर्ण सैल केलेला होता, तरी पाय त्यात मावत नव्हते. त्यांना धाप लागली होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"मॅडम, आज शुक्रवार आहे. तुमचं डायलिसिस?"

"ते काय, उद्या करतेत. बैठक उद्या आली असती काय?"

मी बाबांना फोन केला. ते अमरावतीच्या स्टँडवर सवाऱ्या भरून निघायच्या बेतात होते. बाबांनी भरलेली जीप रिकामी केली. लोक ओरडले, एकाने तर बाबांची गचांडी धरली. बाबा कॉलेजच्या दारात आले, मधल्या सीटवर आपली चादर अंथरली आणि मॅडमना बसवलं. जीप अकोल्याच्या रस्त्याला लागली.

बाबा मॅडमना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. त्यांचं नाव मात्र मॅडमना माझ्याकडून माहीत होतं. मॅडमनीच सुरुवात केली.

"किसनभाऊ, रोज किती सवाऱ्या कोंबता यात?"

"खरं सांगू का पोलिसाले सांगतो ते सांगू?"

मॅडम हसल्या. हसताना श्वास अडकला. मी पाठीवरून हात फिरवला. जरा वेळाने म्हणाल्या, "गच्च भरू नये, भाऊ. जागा ठेवा लागते."

"आज जागाच जागा हाय, मॅडम," बाबा आरशात पाहत म्हणाले. "पाय लांब करा. ही सीट तुमचीच."

दवाखान्यात डॉक्टर खूप रागावले. फुप्फुसांत पाणी चढलं होतं. ती वेळ निभावली. पण त्यानंतर मॅडम पुन्हा कॉलेजात आल्या नाहीत. त्या एका दिवसाने काय बिघडवलं, काय आधीच बिघडलेलं होतं, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा सांगता येणार नाही म्हटलं. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, पुरावा दाखव. माझ्याकडे पुरावा नाही. पण तो जिना आजही मला एका दमात उतरता येत नाही.

भांडं बनून यायला वेळ लागत होता. मॅडम आटत चालल्या होत्या. पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी मी गेले, तेव्हा कंपनीचा निरोप आला होता की भांडं तयार आहे, पेटीत भरणं चालू आहे. मी तो त्यांच्या कानाशी वाकून सांगितला.

"तळ घुमटाचाच ना?"

"हो, मॅडम. फोटो मागवून पाहिला."

"आलं की पयले नुसतं पानी चालव. नव्या माठात कसं, पयलं पानी फेकून देतेत."

"तुमच्यासमोरच चालवू. आम्ही तुम्हाला घेऊन जाऊ."

त्यांनी मान हलवली. "माह्यासाठी थांबू नोको. हरभऱ्याची पेरनी थांबत नाई." मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण त्या बोलल्या. "रंग कसा होईल, सांग बरं."

मी सांगितलं. आधी ताकाच्या निवळीसारखं, पिवळसर, आरपार दिसणारं. मग हळूहळू धुरकट. मग दुधासारखं, इतकं की ढवळणीची चाकंही दिसेनाशी होतील.

"आन फेस?"

"फेस येईल, मॅडम."

"जागा ठेवशील?"

"ठेवीन."

शुक्रवारी सकाळी मधुकरभाऊंचा फोन आला. मशीनपर्यंत नेता नेताच मॅडम गेल्या होत्या. "ताई गेली, शीतल," एवढंच ते म्हणाले. मी प्रयोगशाळेत होते. हातात धुतलेला बीकर होता. तो मी खाली ठेवला, आणि इतक्या हळू ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. ते का, मला अजून कळलेलं नाही.

पेटी त्यानंतर आली. थर्माकोलमधून आम्ही भांडं बाहेर काढलं. सगळ्या मुली गोळा झाल्या होत्या, देशमुख सरही आले होते. मी नखाने टिचकी मारली. काच लांबवर वाजली. कुठेही तडा नव्हता. मधुकरभाऊंनी घरून पाठवलेलं पुठ्ठ्याचं लहान भांडं टेबलावर होतं. दोन्ही शेजारी शेजारी उभी केली. मापात फरक नव्हता. काचेचं भांडं ऑटोक्लेव्हमध्ये उतरवून पाहिलं, झाकण देशमुख सरांनी लावलं. ते अलगद बसलं. सर चष्मा पुसत बाहेर निघून गेले.

पहिलं पाणी चालवलं आणि फेकून दिलं. मग अन्नद्रव, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, भरला, पुठ्ठ्यावरच्या निळ्या रेघेच्या उंचीपर्यंत. खरं तर गावात बियाण्याला चोळायला खारीची जास्त पाकिटं हवी होती आणि वर चांगली मोकळी काच दिसत होती. एक मुलगी मला म्हणालीसुद्धा, "मॅडम, अजून भरता येईल ना?" मी नाही म्हटलं. भांडं ऑटोक्लेव्हमधून काढलं आणि निवल्यावर त्यात खारी सोडली. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी धुरकटपणा आला. मग पांढरं होत गेलं, आणि फेस चढू लागला. रेघेच्या वर चढत चढत तो झाकणाच्या जरा खाली येऊन थांबला. ती सगळी जागा त्याने घेतली. मुली काचेला नाक लावून पाहत होत्या. मी त्यांच्या मागे उभी होते. मला पुढे जाऊन पाहायचं धैर्य झालं नाही. ज्या डोळ्यांनी ही काच निवडली, ते डोळे नव्हते.

खारी कोळशाच्या भुकटीत मिसळून पाकिटं भरली. ती मॅडमच्या गावी पेरणीआधी पोचवायची होती. तिथे अकोल्याहून आलेले मधुकरभाऊ वाट पाहत होते. बाबा जीप घेऊन आले. पाकिटं उन्हात ठेवून चालत नाहीत, त्यामुळे टपावर टाकता येणार नव्हती. मागची बाजू खोक्यांनी भरली. मी उरलेली खोकी मधल्या सीटवर ठेवायला गेले.

"तिथं नोको," बाबा म्हणाले. "इकडं आन. पायापाशी ठेव."

मी पुढे बाबांच्या शेजारी बसले. एक खोकं मांडीवर, दोन पायांशी, गुडघे हनुवटीला टेकत होते. दर्यापूरच्या स्टँडवर जीप थांबली, तशी आमच्या गावचे एक मास्तर धावत आले. ते नेहमी बाबांच्याच जीपने जायचे.

"किसन, थांब ना बापा! मी मधात बसतो."

"जागा नाई, मास्तर."

मास्तरांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "अरे, सीट तं रिकामी दिसून राह्यली!"

"जागा नाई," बाबा पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी गिअर टाकला.

मी मागे वळून पाहिलं. मधल्या सीटवर बाबांची चादर अंथरलेली होती. धुतलेली, एकही सुरकुती नसलेली. गाव येईपर्यंत बाबा जीप हळू चालवत होते, खड्डा आला की आरशात पाहत होते.